बोलायला जागा आणि पुढच्या वेळी तोच आवाज : दूरस्थ मानसिक आरोग्यसेवा आखणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
दूरस्थ मानसिक आरोग्यसेवेचं धोरण ठरवणारे, तिला निधी मंजूर करणारे आणि ती प्रत्यक्ष उभी करणारे सर्व अधिकारी व संस्था यांस,

सप्रेम नमस्कार.

मी फोनवर समुपदेशन करते. या कामाला माझ्या बाजूला फार काही लागत नाही. एक टेबल, हेडफोन, वही आणि बंद होणारं दार. एवढं तर पलीकडच्या माणसाकडेही असेल, असं तुमच्या आराखड्यांत धरून चाललेलं असतं. ते नसतं. ज्यांच्यापर्यंत आजवर कुठलीच सेवा पोचली नाही त्यांच्याकडे तर नसतंच, आणि ही योजना तुम्ही त्यांच्यासाठीच आणताय. म्हणून हे पत्र.

आधी एक स्पष्ट करते. ही सेवा वाढू नये असं मला अजिबात वाटत नाही. ती वाढल्याशिवाय गत्यंतर नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार २०१९ मध्ये जगात ९७ कोटी माणसांना कुठला ना कुठला मानसिक विकार होता, म्हणजे दर आठांत एकाला. जगाची सुमारे निम्मी लोकसंख्या अशा देशांत राहते, जिथे दोन लाख किंवा त्याहून जास्त लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञ आहे. सायकोसिससारखा, म्हणजे भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटणारा, गंभीर आजार झालेल्यांपैकी श्रीमंत देशांत ७० टक्के लोकांना उपचार मिळतात, तर गरीब देशांत १२ टक्क्यांना. एवढे डॉक्टर दहा-वीस वर्षांत तयार होणार नाहीत, आणि झाले तरी रस्ता जिथे संपतो तिथे जाऊन राहणार नाहीत. डॉक्टर जाऊ शकत नसेल, तर निदान त्याचा आवाज तरी गेला पाहिजे.

पण आवाज पाठवण्याचं तंत्र काही आजचं नाही. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात १९५९ मध्येच दुतर्फा टीव्हीवरून मानसोपचाराची गटसत्रं घेतली गेली होती. १९६४ मध्ये तिथल्या संस्थेनं सुमारे १८० किलोमीटर दूरचं सरकारी मनोरुग्णालय तशाच टीव्हीनं जोडून घेतलं. या गोष्टीला साठ वर्षं उलटून गेली. तंत्र एवढं जुनं असूनही टोकाचा माणूस अजून टोकालाच असेल, तर अडलं होतं ते निव्वळ तंत्रापाशी नव्हतं, हे आपण मान्य करायला हवं.

झिंबाब्वेचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. डिक्सन चिबांडा यांनी एक गोष्ट अनेकदा जाहीरपणे सांगितली आहे. त्यांची एक तरुण रुग्ण ठरलेल्या तपासणीला आली नाही. पुढे तिनं आपलं आयुष्य संपवलं. ती का आली नाही असं विचारल्यावर तिच्या आईनं सांगितलं, बसभाड्याला पैसे नव्हते. ही हकीकत ऐकली की कुणाच्याही मनात येतं, अरे, तिच्याकडे फोन असता तर! माझ्याही मनात आलं. पण रोज फोनवर बसून मला एक कळलंय. बसभाडं वाचवलं की अर्धीच वाट सरते. उरलेल्या अर्ध्या वाटेवर दोन गोष्टी लागतात. एक, निर्धास्तपणे बोलता येईल अशी जागा. दुसरी, पुढच्या वेळी फोन लावल्यावर तोच माणूस. बाकी सगळं या दोन गोष्टींच्या नंतर येतं, असं माझं म्हणणं आहे आणि ते तुमच्या गळी उतरावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

जागेचं आधी सांगते. फोन करणाऱ्या बायकांशी आमचा एक अलिखित करार असतो. पहिल्याच कॉलमध्ये आम्ही ठरवून घेतो, की बोलता बोलता कुणी आलं तर काय करायचं. बहुतेक जणी म्हणतात, मी तुम्हाला मावशी म्हणेन. मग कधीतरी ती कुणालाही न सांगितलेलं काही सांगत असते, शब्द अडकत अडकत बाहेर येत असतात, आणि मध्येच आवाज एकदम लख्ख होतो. "हो मावशी, देते ना, उद्या पाठवते त्याच्याबरोबर." मी म्हणते, "बरं गं. कुणी आलंय का? नुसतं हो म्हण." ती म्हणते, "हो, हो." मग पाचेक मिनिटं मी मावशी असते. काहीबाही विचारत राहते, ती काहीबाही उत्तरं देते. मध्येच मी हळूच विचारते, आज जीव द्यायचे विचार आलेत का, हो किंवा नाही एवढंच सांग. ती हसल्यासारखं करून म्हणते, "छे, नाही गं मावशी." त्या हसण्यावरून मला ओळखायचं असतं की ते खरं आहे का.

ही आमची हातोटी आहे असं कौतुक कृपा करून करू नका. ही अडचण आहे. तिला तिच्या दुःखाबद्दल बोलायला दार लागेल अशी खोली मिळत नाही, म्हणून आम्हा दोघींना हे नाटक करावं लागतं. एका खोलीत पाच-सहा माणसं राहतात, फोन घरात एकच असतो, तो नवऱ्याचा किंवा थोरल्या मुलाचा असतो, आणि ज्याच्यामुळे मन पोखरून गेलंय तोच माणूस तीन हातांवर बसलेला असतो. अशा ठिकाणी व्हिडिओची लिंक पाठवून सेवा पोचल्याची नोंद होते. पुरुषांचं वेगळंच असतं. ते गच्चीवरून, बंद दुकानाच्या आडोशानं, रस्त्याच्या कडेला उभं राहून बोलतात. ट्रकच्या आवाजात रडता येतं, असं मला एकानं सांगितलं होतं.

ज्यांनी हे ओळखलं त्यांनी काय केलं, तेही सांगते. चेन्नईच्या 'स्कार्फ' या स्किझोफ्रेनियावर काम करणाऱ्या संस्थेनं २०१० मध्ये तामिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात एक बस आणली. बसमध्ये तपासणीची बंद खोली. खोलीत पडद्यावर चेन्नईचे मानसोपचारतज्ज्ञ. त्याच बसमध्ये औषधांचा साठा. गावातला माणूस बसमध्ये चढायचा, दार बंद व्हायचं, तो डॉक्टरशी बोलायचा आणि गोळ्या हातात घेऊनच खाली उतरायचा. या योजनेचं नाव निघालं की लोक पडद्याचं कौतुक करतात. मला तिच्यात दिसतात ते दार आणि गोळ्या. पडद्याशिवाय ती बस अर्धीमुर्धी तरी चालली असती, दाराशिवाय आणि गोळ्यांशिवाय ती रिकामी फिरली असती.

तेव्हा तुमच्या अंदाजपत्रकात अॅपच्या आधी खोलीचा खर्च धरा. नवीन इमारत नको. आरोग्यकेंद्र, वाचनालय, शाळा सुटल्यावरचा एखादा वर्ग, जिथे माणूस रोजच्या कारणानं जातो आणि का गेला होतास असं कुणी विचारत नाही, अशी जागा हवी. एक खुर्ची, आतून लागणारी कडी, चार्ज केलेला फोन, आणि आवाज बाहेर जात नाही ना हे कुणीतरी बाहेर उभं राहून एकदा तपासलेलं असावं. आणि एक विनंती. त्या दारावर 'मानसिक आरोग्य कक्ष' अशी पाटी लावू नका. पाटी लावली की त्या खोलीत कोण जातं ते सगळ्यांना कळतं, आणि मग तिथे कुणीच जात नाही. रक्तदाब मोजायला जशी माणसं आत जातात, तसं जाता आलं पाहिजे.

जागेसारखीच वेळही महत्त्वाची आहे. घर रिकामं असतं ती वेळ आणि तुमच्या कार्यालयाची वेळ यांचा मेळ बसेलच असं नाही. मजुरीला जाणारा माणूस रात्री नऊनंतर मोकळा होतो. घर सांभाळणारी बाई दुपारच्या एखाद्या तासात. दोघांनाही 'सकाळी दहा ते पाच' हा निरोप म्हणजे दार बंद असल्याची पाटी.

इथे एक तक्रार करायची आहे. मी ज्या सेवांसाठी काम केलं त्यांपैकी एका ठिकाणी पुढच्या सत्राची आठवण करून देणारा मेसेज आपोआप जायचा. त्यात 'समुपदेशन' हा शब्द ठसठशीत होता. एका बाईच्या घरात तो मेसेज फोनच्या मालकानं वाचला. काय झालं हे मला तिच्या तोंडून कधीच कळलं नाही, कारण त्यानंतर तिचा फोन आला नाही. घरातल्याच कुणीतरी एकदा फोन उचलला आणि पुन्हा फोन केलात तर बघा, एवढं सांगून ठेवून दिला. मेसेजचा मजकूर बदला म्हणून आम्ही मागे लागलो, तर उत्तर आलं की ते सिस्टिममध्येच तसं आहे. तुमच्या सिस्टिममध्ये काय आहे ते कृपया आजच उघडून बघा. मेसेज पाठवायचा का, कुठल्या नंबरवर, कुठल्या वेळी, कुठल्या नावानं, हे प्रत्येक माणसाला पहिल्याच कॉलमध्ये विचारलं गेलं पाहिजे. बोलून झाल्यावर कॉलची नोंद फोनमधून कशी पुसायची, हेही सांगायला हवं.

आता फोन की व्हिडिओ, या वादाबद्दल. बैठकांमध्ये व्हिडिओला खरी सेवा आणि साध्या कॉलला नाइलाजाचा पर्याय समजलं जातं, असा माझा अनुभव आहे. आकडे वेगळं सांगतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगातले २६० कोटी लोक तेव्हा इंटरनेटबाहेर होते. शहरांत ८३ टक्के लोक इंटरनेट वापरत होते, खेड्यांत ४८ टक्के. म्हणजे जी सेवा फक्त व्हिडिओवर चालते ती दूरच्या माणसासाठी काढून जवळच्याला दिली जाते. आणि साधा फोन कमअस्सल आहे का? शिकागोच्या परिसरात ३२५ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. नैराश्यावरचं सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी बोलण्यातून होणारी उपचारपद्धत, निम्म्यांना समोरासमोर आणि निम्म्यांना फोनवर दिलं गेलं. उपचार संपताना दोन्ही गट सारखेच सुधारलेले होते. मध्येच सोडून जाणारे समोरासमोरच्या गटात जवळपास ३३ टक्के होते, फोनच्या गटात २१ टक्के. हेही सांगितलं पाहिजे, की सहा महिन्यांनंतर पाहिलं तेव्हा समोरासमोर उपचार घेतलेल्यांची तब्येत थोडी अधिक बरी टिकली होती. म्हणजे फोनवर माणूस टिकतो, पण नंतर त्याला विसरून चालत नाही. अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्यविमा योजनेनं २०२२ पासून मानसिक आरोग्यासाठी फक्त आवाजी कॉललाही ठरावीक अटींवर सेवा म्हणून पैसे द्यायला सुरुवात केली. तुमच्याकडे समुपदेशकाला साध्या कॉलचे पैसे व्हिडिओपेक्षा कमी मिळत असतील, तर गरीब माणसाशी बोलणं तोट्याचं ठरवणारा तो नियम आहे. तो आधी बदला.

एक अपवाद मात्र ठळकपणे सांगते. कर्णबधिर माणसाला साधा कॉल काहीच कामाचा नाही. त्याला सांकेतिक भाषेत बोलणारा समुपदेशक व्हिडिओवरच हवा, आणि तो दुभाषा मध्ये न घालता मिळाला तर फार चांगलं. लहान वस्तीत दुभाषा बहुधा ओळखीचाच निघतो. ओळखीच्या माणसाच्या हातांतून आपलं दुःख कोण सांगेल?

भाषेबद्दल फार बोलत नाही. भारताची टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली आणि ती २० भाषांत बोलते. हे मोठं काम आहे, आणि इतर देशांनी त्यातून घेण्यासारखं आहे. एवढंच सुचवते, की भाषेच्या यादीत बोलीही धरा. माणूस प्रमाण भाषेत अर्ज करतो, पण रडतो त्याच्या बोलीत.

आता दुसरी गोष्ट, तोच आवाज.

हेल्पलाइनचं तंत्र बहुतेक ठिकाणी कॉल सेंटरकडून जसंच्या तसं उचललेलं असतं. जो समुपदेशक मोकळा असेल त्याच्याकडे कॉल जातो. बिलाची तक्रार असेल तर हे ठीक आहे, कारण बिलाला इतिहास नसतो. मनाला असतो. कल्पना करा, एखादा मुलगा महिनाभर धीर गोळा करून फोन लावतो. आधी रेकॉर्ड केलेला आवाज भाषा निवडायला सांगतो. मग वयोगट. मग कशाबद्दल बोलायचंय त्यासाठी अमुक दाबा, तमुक दाबा. मग संगीत. मग एक माणूस. त्या माणसाला तो वडिलांच्या मारापासून आजच्या सकाळपर्यंत सगळं सांगतो. पाऊण तासानं त्याला थोडं हलकं वाटतं. आठ दिवसांनी तो पुन्हा फोन लावतो. तेच बटणांचं चक्र, आणि शेवटी वेगळाच आवाज, "बोला, काय त्रास होतोय?" पुन्हा वडिलांच्या मारापासून. दुसऱ्या वेळी माणसं थोडक्यात सांगतात. तिसऱ्या वेळी बहुतेक जण फोन करत नाहीत. आणि तुमच्या नोंदींत ती केस 'समाधान झाले' म्हणून बंद होते, कारण पुन्हा कॉल आला नाही!

हे बदलणं अवघड नाही. पहिला कॉल कुणीही घ्यावा, संकटाच्या वेळी थांबवून ठेवू नये. पण कॉल संपताना समुपदेशकानं आपलं नाव किंवा ठरवलेलं टोपणनाव सांगावं, पुढची वेळ ठरवावी, आणि त्या वेळी आपणच फोन करावा. ज्याच्या फोनमध्ये पैसे नाहीत त्याला मिस्ड कॉल देता यावा आणि आपण उलट फोन लावावा. मला असे मिस्ड कॉल येतात तेव्हा एक रिंग वाजते आणि थांबते. त्या एका रिंगमध्ये, मी आहे अजून, असा निरोप असतो. तो ओळखायला पलीकडचा नंबर ओळखीचा असावा लागतो, म्हणजेच पलीकडच्याला मी ओळखीची असावी लागते.

यात आडवं येतं ते मोजमाप. समुपदेशकानं दिवसात किती कॉल घेतले, सरासरी किती मिनिटांत संपवले, यावर त्याची कामगिरी ठरते. फोनवरच्या शांततेला या हिशोबात जागा नाही. कित्येक कॉल पहिली दहा-पंधरा मिनिटं नुसते गप्प असतात. पंख्याची घरघर ऐकू येते, श्वास ऐकू येतो, मध्येच नाक ओढल्याचा आवाज. मी एवढंच म्हणत राहते, मी आहे, घाई नाही. त्या वेळी माझ्या समोरच्या पडद्यावर लाल रंगाचं घड्याळ चालू असेल तर माझा आवाज बदलतो, आणि पलीकडच्याला ते कळतं. शिवाय आमच्यातले बरेच जण सहा-सहा महिन्यांच्या कंत्राटावर असतात. कंत्राट संपलं की समुपदेशक जातो आणि त्याच्याबरोबर वीस-पंचवीस माणसांचा तोच आवाजही जातो. आम्हाला कायम करा ही मागणी आमच्या पोटापुरती आहे असं समजू नका. उपचाराचा तो भाग आहे.

तरीही फोनवरच्या आवाजाला मर्यादा आहे, आणि ती आम्हालाच सर्वांत जास्त ठाऊक आहे. ज्याला वाटतं की आपल्यावर पाळत आहे, भिंतीतून आणि फोनमधून कुणी ऐकतंय, त्या माणसाला फोनवर उपचार कसे देणार? त्याच्या दृष्टीनं फोन हाच वैरी. तिथे कुणीतरी घरी जाऊन अंगणात बसलं पाहिजे, दोनदा, चारदा, काही न विचारता. ज्याला गोळ्या सुरू झाल्या त्याचे हात थरथरतायत का, तो जेवतोय का, गोळी घेतो की उशीखाली ठेवतो, हे जवळच्या माणसालाच दिसतं. डॉक्टरनं फोनवर लिहून दिलेली गोळी जर सर्वांत जवळच्या औषधाच्या दुकानात मिळत नसेल, तर तो सल्ला कागदावरच राहिला.

म्हणून जवळचा माणूस घडवा. त्याला मानसशास्त्राची पदवी लागत नाही, हे आता वारंवार सिद्ध झालंय. वर ज्या डॉ. चिबांडांचा उल्लेख केला त्यांनी २००६ मध्ये झिंबाब्वेची राजधानी हरारेत आज्यांना शिकवलं. आरोग्यकेंद्राबाहेरच्या बाकावर बसून या आज्या लोकांचं ऐकून घेतात आणि एकेका अडचणीला वाट काढायला मदत करतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या आज्यांशी बोललेल्या रुग्णांची लक्षणं नेहमीचे उपचार घेतलेल्यांपेक्षा स्पष्टपणे कमी झालेली दिसली. पाकिस्तानच्या ग्रामीण भागात गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्यांनी नैराश्य असलेल्या गरोदर स्त्रियांना आधार दिला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत त्यांच्यातल्या २३ टक्के जणींचं नैराश्य उरलं होतं, आणि नुसत्या नेहमीच्या गृहभेटी मिळालेल्या स्त्रियांमध्ये ५३ टक्के. गोव्यात 'संगत' संस्थेनं मानसोपचाराचं व्यावसायिक शिक्षण नसलेल्या समुपदेशकांकडून सहा ते आठ भेटींत नैराश्यावर उपचार करून दाखवले.

दूरस्थ तंत्राचा सर्वांत चांगला उपयोग मला इथे दिसतो. तज्ज्ञाला थेट रुग्णासमोर आणण्याबरोबरच त्याला या कार्यकर्तीच्या पाठीशी उभं करा. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये हिपॅटायटिस सी या यकृताच्या आजारासाठी हेच केलं. दूरच्या दवाखान्यांतले डॉक्टर ठरलेल्या वेळी व्हिडिओवर विद्यापीठातल्या तज्ज्ञांना आपल्या केसेस सांगायचे आणि एकमेकांच्या केसेसमधून शिकायचे. २०११ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले, तेव्हा दूरच्या दवाखान्यांत बरे होणाऱ्यांचं प्रमाण विद्यापीठाच्या रुग्णालयाइतकंच निघालं. ही पद्धत पुढे मानसिक आरोग्यातही आली. कार्यकर्तीला आठवड्यातून एकदा हक्कानं विचारता येईल असा तज्ज्ञ मिळाला, की ती घाबरत नाही. तिला तिचं स्वतःचं मनही तिथे मोकळं करता आलं पाहिजे. शेजारच्या घरातलं दुःख ऐकून ती रात्री त्याच गल्लीत झोपते. मला निदान हेडफोन काढून ठेवता येतो.

संकटाच्या कॉलबद्दल थोडक्यात. कुणी आत्ता जीव द्यायच्या बेतात असेल तर आम्ही त्याला बोलतं ठेवतो, पण त्याच्यापर्यंत जाणार कोण? जगात वर्षाला सात लाखांहून जास्त माणसं आत्महत्येनं जातात, आणि त्यांतली जवळपास तीन चतुर्थांश कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली असतात. अशा वेळी आमच्या हातात त्या भागातल्या दोन-तीन माणसांचे चालू नंबर हवेत. फक्त पोलिसांचा एक नंबर पुरत नाही. गणवेश दारात आला की पुढे कित्येक वर्षं त्या वस्तीतून फोन येत नाही.

आणि गुपितं. फिनलंडमध्ये वस्तामो नावाच्या मानसोपचार कंपनीतून सुमारे ३३ हजार रुग्णांच्या नोंदी चोरीला गेल्या. २०२० मध्ये चोरानं एकेका रुग्णाला गाठून पैसे मागितले, नाहीतर तुझ्या सत्रातलं बोलणं जगजाहीर करतो म्हणून. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित पाहणाऱ्या सरकारी यंत्रणेनं २०२३ मध्ये बेटरहेल्प या ऑनलाइन समुपदेशन कंपनीवर लोकांची माहिती जाहिरातींसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना दिल्याचा ठपका ठेवून ७८ लाख डॉलर भरायला लावले. हे सधन, कायदे जागे असलेल्या देशांत घडलं. ज्या माणसाला वकील माहीत नाही त्याच्या नोंदी तुम्ही किती लिहून ठेवता, कुठे ठेवता आणि कधी पुसता, हे त्याला समजेल अशा चार वाक्यांत कॉलच्या सुरुवातीला सांगा. जे लिहून ठेवायची गरज नाही ते लिहूच नका. मी माझ्या वहीत नाव लिहीत नाही.

सध्या बैठकांमध्ये आणखी एक सूचना जोर धरते आहे, की एवढे समुपदेशक आणण्यापेक्षा चॅटबॉट ठेवा, तो थकत नाही. ज्याला डॉक्टर आहे, मित्र आहे, खोली आहे, त्याला असं यंत्र जोडीला मिळालं तर त्याचं तो बघेल. पण ज्याला काहीच नाही त्याच्या वाट्याला फक्त यंत्र द्यायचं आणि त्याला सेवाविस्तार म्हणायचं, हे मला मान्य नाही. वंचितांसाठी वेगळी, हलकी सेवा असू नये एवढं तरी आपण ठरवू या.

शेवटी एक ठोस मागणी करते. पुढच्या वार्षिक अहवालात 'एकूण कॉल इतके लाख' हा आकडा पहिल्या पानावर छापू नका. त्या जागी हे छापा: बटणांच्या चक्रातच किती जणांनी फोन ठेवला. किती जण दुसऱ्यांदा आले, आणि त्यांतल्या किती जणांना तोच समुपदेशक मिळाला. ज्यांना औषध सांगितलं त्यांतल्या किती जणांच्या हातात ते खरोखर पडलं. स्वतःचा फोन नसलेली माणसं किती होती. बंद दाराच्या किती खोल्या उघडल्या, आणि त्या आठवड्यातून किती तास वापरल्या गेल्या. यांतले बरेचसे आकडे पहिल्या वर्षी वाईट येतील. ते तसेच छापा. कुठल्या भागातले किती वाईट आहेत ते आम्हाला कळू द्या, म्हणजे पुढच्या वर्षी आधी कुठे जायचं हे तुम्हाला आणि आम्हाला मिळून ठरवता येईल. त्या बैठकीला फोनवर काम करणाऱ्यांना, आरोग्य कार्यकर्त्यांना आणि ही सेवा घेतलेल्या माणसांना बोलवा. त्यांच्या सोयीच्या वेळी बोलवा, आणि येण्या-जाण्याचा खर्च द्या.

आपली,
फोनवर समुपदेशन करणारी एक कार्यकर्ती